स्टिरिओ की ड्युअल मोनो? वसमतच्या बैठकीतला एक प्रयोग

हाय-फायच्या नादी लागलेल्या माणसांमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तो मिटावा असं कुणालाच मनापासून वाटत नाही. साधा स्टिरिओ अँप्लिफायर चांगला की ड्युअल मोनो? आमच्या ऑफिसातही या पंथाचे दोन-तीन जण आहेत. दुपारच्या जेवणानंतर चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की तीनची मीटिंग बोंबलली म्हणून समजा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टिरिओ अँप्लिफायरमध्ये डावा आणि उजवा असे दोन चॅनल असतात, पण वीजपुरवठा एकच. एक ट्रान्सफॉर्मर, एक ब्रिज रेक्टिफायर, मोठ्या कपॅसिटरची एक जोडी, आणि त्यावर दोघांची गुजराण. ड्युअल मोनोमध्ये डबा एकच, पण आत दोन स्वतंत्र संसार. दोन ट्रान्सफॉर्मर, दोन रेक्टिफायर, सगळं वेगवेगळं. याच्याही पुढची पायरी म्हणजे मोनोब्लॉक, म्हणजे डबेसुद्धा दोन.

आमच्या मराठवाड्याच्या भाषेत सांगायचं तर स्टिरिओ म्हणजे एका विहिरीवर दोन भावांच्या मोटारी. मोठ्याने मोटार जोरात चालवली की पाणी खाली जातं आणि धाकट्याच्या पाइपातून नुसती हवा. ड्युअल मोनो म्हणजे वाटणी झाली, प्रत्येकाने आपापली विहीर खणली. आता कुणाचा कुणाला त्रास नाही. ऐकायला पटतं की नाही? मलाही पटायचं. पण इंजिनियर माणसाने पटलं म्हणून सोडून द्यायचं नसतं, मोजून बघायचं असतं.

एक गंमत आधी सांगतो. ड्युअल मोनो ही काही नवी, पुढारलेली कल्पना नाही. उलट तीच जुनी आहे. स्टिरिओची मूळ कल्पना लंडनमधल्या ईएमआयच्या ॲलन ब्लुमलाइन या इंजिनियरची. त्याने १९३१ साली पेटंटसाठी अर्ज केला. (पुढे १९४२ मध्ये, रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून तो गेला. वय ३८. इतक्या कमी वयात माणूस किती काम करून गेला हे वाचलं की आपल्याला सोमवारी ऑफिसला जायची लाज वाटते.) पण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५७-५८ उजाडलं. तोवर घरोघरी एकच अँप्लिफायर आणि एकच स्पीकर. स्टिरिओ आल्यावर लोकांनी काय केलं? आहे तसाच आणखी एक मोनो अँप्लिफायर आणून शेजारी ठेवला. इंग्लंडचा क्वाड टू हा व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर १९५३ चा, एका चॅनलचा. स्टिरिओ हवं तर जोडी घ्यायची. एका डब्यात, एका ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही चॅनल बसवणं ही नंतरची काटकसर. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं आणि लोखंड, आणि अँप्लिफायरमध्ये सगळ्यात महाग आणि जड तेच.

तर दिवाळीला घरी जायचं होतं, आठ दिवसांची सुट्टी होती, म्हणून म्हटलं या वेळी सोक्षमोक्ष लावूनच टाकू. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून सामान गोळा केलं आणि दोन डबे बनवले. दोन्हींत बोर्ड तेच, एलएम३८८६ ही चिप. पहिल्या डब्यात ३०० व्हीएचा एक टोरॉइड ट्रान्सफॉर्मर. दुसऱ्यात १५० व्हीएचे दोन. म्हणजे एकूण लोखंड सारखंच, फक्त एकात ते एकत्र कुटुंबात आणि दुसऱ्यात वाटणी करून. सगळे ट्रान्सफॉर्मर २२-०-२२ व्होल्टचे, कपॅसिटरही बेरजेने सारखेच. ट्रॅव्हल्सच्या डिकीत दोन्ही डबे गोधडीत गुंडाळून वसमतला आणले. घरी पोचल्यावर आईने पिशवी उचलून बघितली आणि म्हणाली, "फराळ न्यायला जागा राहती का रे परत जाताना?"

आधी आकडे

लॅपटॉपचं साउंड कार्ड लावून उजव्या चॅनलमध्ये १ किलोहर्ट्झचा सूर सोडला आणि डाव्यात किती झिरपतो ते मोजलं. स्टिरिओ डब्यात ६८ डेसिबल खाली, ड्युअल मोनोमध्ये ७९ डेसिबल खाली. म्हणजे ड्युअल मोनो जिंकला? कागदावर हो. पण ६८ डेसिबल म्हणजे मूळ आवाजाच्या व्होल्टेजचा साधारण अडीच हजारावा भाग. ७९ म्हणजे नऊ हजारावा. आता याच्या शेजारी हे ठेवून बघा: तबकडीवरच्या सुईला डावं-उजवं वेगळं करता येतं ते जेमतेम २५ ते ३० डेसिबलपर्यंत. म्हणजे तिसाव्या भागापर्यंत. आणि तुम्ही खोलीत स्पीकर लावून ऐकत असाल तर डाव्या स्पीकरचा आवाज तुमच्या उजव्या कानात जातोच, थोडा उशिरा आणि वरच्या पट्टीत थोडा दबून, पण जातो. खर्जाचे सूर तर जवळपास जसेच्या तसे जातात. जिथे हवाच एवढी सरमिसळ करते तिथे नऊ हजारावा भाग आणि अडीच हजारावा भाग यात भांडण कसलं?

मग विहिरीचं काय? ते पण मोजलं. पखवाजाची जोरदार थाप आली की स्टिरिओ डब्यातली २९ व्होल्टची लाइन साडेसत्तावीसपर्यंत खाली येत होती. दीड व्होल्ट! घाबरायला होतं. पण चांगल्या अँप्लिफायरचं सर्किट असं असतं की पुरवठ्यातली हलबल बाहेर फारशी येऊ देत नाही. या चिपमध्ये खालच्या पट्टीत हे दाबणं १०० डेसिबलच्या पुढे आहे, म्हणजे एक लाखावा भाग. दीड व्होल्टचा एक लाखावा भाग म्हणजे १५ मायक्रोव्होल्ट. त्याच वेळी स्पीकरला जात होते कित्येक व्होल्ट. विहिरीतलं पाणी हललं, पण पाइपाच्या तोंडाला धार तशीच. जोपर्यंत विहीर तळाला जात नाही, म्हणजे अँप्लिफायर क्लिप होत नाही, तोपर्यंत शेजारच्या मोटारीचा पत्ताही लागत नाही.

आणि तळ गाठायची वेळ आलीच तर? इथे ड्युअल मोनोवाल्यांची उलटीच पंचाईत होते. एका बाजूला जोराचा आवाज आणि दुसरी बाजू शांत असेल, तर एकत्र कुटुंबात त्या बाजूला अख्खी ३०० ची विहीर मिळते. वाटणीत फक्त स्वतःची १५० ची. आणि खर्जाचा आवाज, ज्याला खरी ताकद लागते, तो रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही चॅनलला एकाच क्षणी सारखीच तहान लागते. मग एक विहीर काय आणि दोन काय, हिशेब तोच.

डीपी तर एकच ना!

वसमतमध्ये संध्याकाळी सातला सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला. १८७ व्होल्ट. असायला हवे २३०. दोन विहिरी खणल्या, कौतुक आहे, पण दोघांची डीपी एकच! प्लगच्या पलीकडे ड्युअल मोनो नसतं. १८७ ला २३० ने भागलं तर येतं ०.८१, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साधारण ६६ टक्के. ३८ वॅटचा अँप्लिफायर २५ वॅटचा झाला. ऐकायला भयानक वाटतं, पण डेसिबलमध्ये फरक दोनसुद्धा नाही. १२ बाय १४ च्या खोलीत आपण बहुतेक वेळ एक-दोन वॅटवरच ऐकत असतो. पाहुणे आले तरी पाच. सांगायचा मुद्दा असा की सात वाजताही दोन्ही डबे सारखेच वाजले.

उलट ड्युअल मोनोने एक नवाच ताप दिला. बारीक घूंऽऽ असा आवाज. हा घूं ५० हर्ट्झचा की १०० चा ते आधी बघायचं. १०० चा असेल तर बहुधा कपॅसिटर कमी पडताहेत. ५० चा असेल तर बहुधा ग्राउंडचा वेढा. इथे ५० चा निघाला. कारण सोपं आहे: दोन्ही संसारांचे ग्राउंड डब्यात एकत्र येतात, आणि प्लेअरच्या टोकाला केबलच्या जाळीतून पुन्हा एकत्र येतात. झाला वेढा पूर्ण, आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मर त्यात वीज भरायला टपलेलाच. दोन्ही चॅनलच्या सिग्नल ग्राउंडमध्ये १०-१० ओहमचा रेझिस्टर घातल्यावर घूं गेला. पण डब्याचा पत्रा मात्र थेट अर्थिंगलाच हवा, तिथे रेझिस्टर-बिझिस्टर काही नको. आमच्या घरी तर तिसऱ्या पिनला मागे काही जोडलेलंच नव्हतं! डब्याला हात लावला की झिणझिण्या. वायरमन बोलावून परसात खड्डा घेतला, मीठ-कोळसा घालून नीट अर्थिंग करून घेतलं. अख्ख्या प्रयोगातला सगळ्यात उपयोगी खर्च हाच. तुमच्या घरचं अर्थिंग शेवटचं कधी तपासलं होतं? आठवत नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि वायरमनला फोन करा. खरंच.

मग कान

माझ्या आतेभावाचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. लग्नसराईत हिंगोली, औंढा, कळमनुरी सगळीकडे त्याच्या पेट्या जातात. त्याच्या कानाला तोड नाही, म्हणून परीक्षक तोच. ताईने पडद्यामागे बसून नाणं उडवायचं, छापा आला तर एक डबा, काटा आला तर दुसरा. आम्ही फक्त सांगायचं कुठला वाजतोय. त्याआधी दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने अगदी सारखा करून घेतला, कारण मला एक गोष्ट त्याला दाखवायची होती. सुरुवातीला मी मुद्दाम स्टिरिओ डबा पाऊण डेसिबल मोठा ठेवला होता. तेव्हा भाऊ दर वेळी म्हणायचा, "हा भारी आहे, ह्यात जान आहे." आवाज सारखा केल्यावर जान गेली! १२ वेळा नाणं उडालं, त्याचे ७ बरोबर, माझे ६. डोळे मिटून नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी १२ पैकी ७ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ३९ टक्के आहे. १० बरोबर आले असते तर मी मान्य केलं असतं, कारण तेवढं नशिबाने व्हायची शक्यता दोन टक्क्यांच्या आतबाहेर.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून मागच्या भिंतीवर आजीची जुनी जाड वाकळ टांगली. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींचा जो कर्कश नाद होता तो अर्ध्यावर आला. यासाठी नाणं उडवायची गरजच पडली नाही. शेजारच्या काकूसुद्धा म्हणाल्या, आज बरं वाजायलंय. असो.

इथपर्यंत लेख संपायला हरकत नव्हती. पण सगळा खटाटोप मी ज्यांच्यासाठी केला त्यांचं अजून सांगितलंच नाही.

बाबा

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. आमच्या गावच्या भजनी मंडळात पस्तीस वर्षं टाळ, आणि कधीमधी पेटी. संत नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे भजन हे आमच्याकडे काही वेगळं शिकवावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळी उठले तर डावा कान बंद. पाणी गेलं असेल म्हणाले. मग मळ असेल. मग लसणाचं तेल. तीन आठवडे असे गेले, आणि मला फोनवर कुणी काही सांगितलंच नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं की आतली नसच गेली आहे आणि उपचाराची वेळही निघून गेली आहे. म्हणून जाता जाता सांगतो: एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तो मळ आहे असं धरून बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. पहिल्या दिवसांत दिलेल्या औषधाने कान परत यायची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते.

त्यानंतर बाबा भजनाला जायचे बंद झाले. ऐकू येत नाही म्हणून नाही, उजवा कान चांगला आहे. पण ते म्हणतात, "सगळं एकात एक होतंय. पखवाज कुठला अन् चाळीस जणांचा आवाज कुठला, मेळच लागंना." घरातला रेडिओसुद्धा बंद. एरवी सकाळी परभणी आकाशवाणी लागल्याशिवाय आमच्याकडे चहा उकळायचा नाही.

बाबा म्हणतात ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. दोन कानांना आवाज थोडा मागेपुढे, थोडा कमीजास्त पोचतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. आणि दिशा कळली की गर्दीतला एकच आवाज वेगळा काढून ऐकता येतो. एक कान गेला की हे चाळणीचं काम बंद. मग बाबांसाठी स्टिरिओमध्ये डावं-उजवं कितीही निर्मळ वेगळं ठेवलं, अकरा डेसिबल जास्त ठेवलं, तरी ते सगळं शेवटी एकाच दारातून आत जाणार. तीन दिवस माझा उद्योग बघून ते शेवटी म्हणालेच, "काय करायलास रे सकाळपासून? दोन पेट्या लाव नाहीतर चार लाव, मला एकाच कानाने ऐकायच्यात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ड्युअल मोनोचा डबा होता.

त्या रात्री मी तो डबा सोडवला आणि आतल्या दोन संसारांचे दोन वेगळे डबे केले. डावा-उजवा सिग्नल दोन १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करून मोनो केला. (दोन वायरी नुसत्या एकमेकींना जोडायच्या नाहीत, प्लेअरचे दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात.) एक डबा आणि एक स्पीकर बाबांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, कानापासून तीन फुटांवर. बैठकीत आधी स्पीकर बारा फूट लांब होते. अंतर अर्धं झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, इथे दोनदा अर्धं झालं, म्हणजे बारा. भिंतींवरून आदळून येणारा आवाज मात्र होता तेवढाच. म्हणजे जी चाळण मेंदूला लावता येत नाही ती निदान थोडीशी खोलीला लावली.

आणि लावलं काय? गीतरामायण. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये जे प्रसारित झालं ते मोनोच होतं. साठच्या दशकापर्यंतची बहुतेक सिनेमातली गाणी मोनो, तेव्हाचं रेडिओवरचं भजन मोनो. बाबांचं सगळं आवडतं संगीत मुळातच एका कानासाठी पुरेसं आहे. त्यात डावं-उजवं काही नव्हतंच, त्यामुळे त्यातलं काही गेलंही नाही. सुधीर फडक्यांचा आवाज आणि मागची वाद्यं वेगळी कळतील अशी त्या लोकांनी एकाच वाटेतून पाठवली होती, दिशेचा आधार न घेता. बाबांनी आवाजाचं बटण स्वतः थोडं कमी केलं. कमी! दोन वर्षांत पहिल्यांदा. एकामागून एक चार गाणी ऐकली, मग म्हणाले, "व्हायोलिन हाय रे मागं." एवढंच. मी वायरी आवरत होतो, आवरतच राहिलो.

दुसरा डबा आणि दुसरा स्पीकर स्वयंपाकघरात गेला, आईकडे. आवाजाचं बटण ज्याचं त्याच्याकडे. बाबा झोपले तरी आईचं चालू. असा आमच्याकडे ड्युअल मोनो नांदतोय.

आता वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी सार. दोन्ही कान ठीक असतील आणि घरात ऐकायचं असेल, तर चांगल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा साधा स्टिरिओ अँप्लिफायर घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकर, वाकळ आणि अर्थिंग यांत घाला, याच क्रमाने नाही, उलट्या क्रमाने. स्पीकर दोन खोल्यांत किंवा लांब लांब ठेवायचे असतील तर मोनोब्लॉक कामाचे. आणि घरात कुणाला एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर मोनोचं बटण असलेला अँप्लिफायर शोधा. पूर्वी तो बहुतेकांवर असायचा, हल्ली कंपन्या देत नाहीत. मोबाइलमध्ये मात्र असतो, सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' म्हणून.

बाबा भजनाला परत जायला लागले का, असं ताईने परवा फोनवर विचारलं. नाही. चाळीस जणांच्या मंडळात तीन फुटांवर कुणाला बसवणार? पण आई सांगत होती की एकादशीला पेटी माळ्यावरून खाली काढली होती, पुसून ठेवली आहे. भात्याला एक बारीक भोक पडलंय म्हणे. पुढच्या वेळी जाताना पुण्याहून चामड्याची पट्टी न्यायची आहे, कुणाला चांगलं दुकान माहीत असेल तर सांगा.